सहाव्या लेबलाची पाठ

ईशान, रेवा,

रविवारच्या मराठी वर्गात तुम्ही जेवढं शिकला आहात तेवढ्यावर हे वाचता येईल की नाही, मला सांगता येत नाही. नाही आलं तर बाबाकडून वाचून घ्या. पण आधी त्याला एकट्याला वाचू द्या, कारण यातलं बरंचसं त्यालाही ठाऊक नाही. मी शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवलं. तुम्हांला इंग्रजीत लिहिणं मला जास्त सोपं होतं. पण ज्या ओळींबद्दल लिहायचं आहे त्या मराठीत आहेत, आणि त्यांतलं फार काही आधीच गेलं आहे. भाषांतरात आणखी घालवायची माझी तयारी नाही.

आत्ताच का, तर वहीला कसर लागली आहे. मागच्या दिवाळीत तुम्ही व्हिडिओ कॉलवर म्हणाला होतात, ‘आजी, ती द्राक्षांची वही दाखव ना.’ तीच वही. तेव्हा मी डोळे दुखतात असं सांगून टाळलं. आजोबांना जाऊन वर्ष होत आलं होतं आणि ते कपाट मी उघडत नव्हते. शेवटी चैत्रात उघडलं. वही उचलली तर शिवणीतून रव्यासारखी बारीक, पिवळसर भुकटी माझ्या पायावर सांडली. पानं उलटली. प्रत्येक लेबल वरून जसंच्या तसं होतं. सोनेरी अक्षरं, द्राक्षांचे घड, गलबतं. बोटाने दाबलं की मात्र पापुद्रा आत जायचा, खाली काही नसल्यासारखा. कसर पाठीमागून खात आली होती. आणि आजोबांनी जे लिहिलं होतं ते सगळं पाठीमागेच होतं.

गेल्या पंधरवड्यात मी स्वतःच्या हाताने दोन लेबलं नासवली. उद्या दुपारी सहाव्याला हात लावायचा आहे. त्याचं काय होईल ते माहीत नाही, म्हणून आज लिहायला बसले.

आजोबा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चादरींच्या एका कारखान्यात रंगखात्याचे मास्तर होते, हे तुम्हांला माहीत आहे. त्यांच्या नखांच्या कडा कधी निळ्या असायच्या, कधी तांबड्या. जेवताना भातावर ती बोटं पाहून नव्या पाहुण्यांना कसंसंच व्हायचं. ही वही त्यांनी कारखान्यातूनच आणली होती. जाड पुठ्ठ्याची, लांबट. एरवी तिच्यात रंगवलेल्या सुताचे नमुने चिकटवतात, एका पानावर एक रंग. आम्ही एका पानावर एक वर्ष चिकटवलं.

आमच्या लग्नाचा वाढदिवस वैशाखात. सोलापूरचा वैशाख तुम्ही पाहिलेला नाही, तुमची सुट्टी डिसेंबरात असते. दुपारी एकनंतर रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. त्या काळी खिडक्यांना ओली पोती लावायचे. पोत्यांचा तो ओला, मातकट, दोरखंडासारखा वास, आणि मागच्या गल्लीतल्या मागांचा खटखटाट. जेवणाच्या सुट्टीत माग थांबले की एवढी शांतता व्हायची की माठातून खालच्या ताटलीत पडणारा थेंब ऐकू यायचा. तुमची पणजी, म्हणजे माझ्या सासूबाई, त्या वेळी मधल्या खोलीत पदर तोंडावर घेऊन झोपायच्या. तो आमचा तास.

आजोबांचा कॉलेजातला एक मित्र मडगावला होता. तो दर वर्षी रंगाच्या डब्यांच्या खोक्यात, भुशात पुरून, एक बाटली पाठवायचा. गोड, गडद, औषधासारखा वास असलेली पोर्ट वाईन.

“दारू नाही ही, बाईसाहेब, वाईन आहे,” आजोबा म्हणायचे.

“दारूच आहे.”

“इंग्रजीच्या बाई ना तुम्ही? फरक शिकवा की मुलांना.”

स्टीलच्या दोन पेल्यांत ती ओतायची, म्हणजे बाहेरून काय आहे ते दिसत नाही. सोबत कडक भाकरी आणि शेंगांची चटणी. भाकरी मोडताना आवाज होऊ नये म्हणून आजोबा ती मांडीवरच्या पंच्यात गुंडाळून मोडायचे, आणि त्या खबरदारीचंच मला इतकं हसू यायचं की पदर तोंडात कोंबायला लागायचा.

आमच्या घरात बाटली आणायची नाही असा सासूबाईंचा नियम होता. त्याला कारण तुमचे पणजोबा, म्हणजे माझे सासरे. त्याहून जास्त मी सांगत नाही, आणि सासूबाईंनीही कधी सांगितलं नाही. त्यामुळे बाटली ठेवायची सोय नव्हती. आजोबा ती डब्याच्या पिशवीतून कारखान्यात न्यायचे आणि रंगखात्याच्या फळीवर इतर बाटल्यांमध्ये उभी करायचे. पुढे वर्षभर तिच्यात कुठलासा निळा किंवा किरमिजी रंग असायचा. आमच्या लग्नाची किती वर्षं त्या फळीवर ओळीने उभी होती, ते तिथल्या कुणालाच कळलं नाही.

घरात राहायचं ते फक्त लेबल. ते सोडवणं हे आजोबांचं काम. बादलीत पाणी, पाण्यात कोपर बुडवून ऊन किती ते बघायचं, चमचाभर धुण्याचा सोडा टाकायचा आणि बाटली आडवी ठेवायची. मग हात लावायचा नाही. मी एकदा नखाने कोपरा उचकटायला गेले तर त्यांनी माझा हात धरला. “थांब की. त्याचं तेच सुटतंय.” आणि खरंच, अर्ध्या तासाने लेबल आपोआप बाटलीवरून सुटायचं आणि झोपलेला माणूस कूस बदलतो तसं पाण्यात हलकेच उलटं व्हायचं. ते तळहातावर झेलून खिडकीच्या जुन्या काचेवर पालथं घालायचं, सावलीत. वाळलं की त्याच्या पाठीवर आजोबा टाकाने एक ओळ लिहायचे. निळी शाई. धुतली की जाणारी.

“जन्म पक्के रंग करण्यात घालवता आणि इथे कच्ची शाई?” मी विचारलं होतं.

“आईच्या हाती वही लागली आणि तिने उचकटून भिजवलं, तर पुसून जाईल की नाही?”

त्या ओळी काय असायच्या? त्या वर्षात जे एकमेकांना तोंडाने बोलता आलं नाही ते. मधल्या खोलीत सासूबाई, चारचौघांचं घर, पातळ भिंती. नवराबायकोने बोलायला जागा नव्हती. ओळ मी एकदा वाचायची आणि लेबल वहीत चिकटवून टाकायचं, कायमचं. दर्शनी बाजूला मी सुवाच्य अक्षरात फक्त वर्ष लिहायचे. मागची बाजू कुणाला दिसणार नाही हाच चिकटवण्याचा हेतू होता. आणि मला सगळं लक्षात राहील याची मला खात्री होती. मुलांची हजेरी मी न बघता घ्यायचे.

वही सासूबाईंच्या हाती लागलीच. तिसऱ्या-चौथ्या वर्षी. त्या माळशिरसकडच्या, वाचता येत नव्हतं, पण चित्रं बघायची हौस दांडगी.

“ही काय गं? द्राक्षं लई झ्याक काढल्यात की.”

“सरबताच्या बाटल्यांवरची आहेत, आई. हे कारखान्यातून आणतात.”

“व्हय? सरबत आनतोय आन् मला ठावं न्हाई.” त्यांनी वही नाकाशी नेली, हुंगली, मिटली आणि माझ्या मांडीवर ठेवली. “बरं हाय. कागूदच हाय न्हवं. कागूद कुनाला मारत न्हाई.”

पुढे आयुष्यभर त्यांनी तो विषय काढला नाही. वैशाखातली ती एक दुपार मात्र त्या जरा जास्तच वेळ झोपायच्या.

आता खळीचं सांगते, कारण सगळा घात तिथे आहे. शेजारी नरसम्मा राहायच्या, विणकराच्या घरातल्या, तेलुगू. ताण्याला, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांना, लावायची खळ त्या घरी शिजवायच्या, सगळ्या गल्लीत आंबट-गोड वास पसरायचा. पहिल्या वर्षी लेबल चिकटवायला खळ हवी म्हणून मी त्यांच्याकडे वाटी घेऊन गेले तेव्हा त्या म्हणाल्या, “टीचरबाई, मोरचूद घाला की ओ त्यात चिमूटभर. न्हाईतर कसर खातंय बघा.”

मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, विषारी. बाबा पुढे रांगायला लागला तेव्हा तर सगळं तोंडात घालायचा. शिवाय त्या निळ्या खळीने लेबलांच्या कडा हिरवट होतील, हे मला खपणारं नव्हतं. मी घरीच मैद्याची खळ केली, पांढरीशुभ्र, गाळून, एक गुठळी नाही. नरसम्मांना नेऊन दाखवलीसुद्धा.

“लई गोरी केलाव,” त्या हसून म्हणाल्या. “खीर हाय ही. किडं जेवनार.”

मी पण हसले. शिकलेली होते ना.

एकेचाळीस वर्षं मी त्या ओळींवर स्वतःच्या हाताने खीर माखत आले.

पुढचं लिहायला मी सकाळपासून टाळाटाळ केली. आता लिहिते.

बाबाला एक बहीण झाली होती. आमच्या लग्नाला सहा वर्षं व्हायला दोन-अडीच महिने होते, बाबा चार वर्षांचा होता. दिवस भरत आले होते, तरी काहीतरी बिघडलं आणि मला रिक्षाने दवाखान्यात नेलं. सासूबाई बाबाला घेऊन माळशिरसला होत्या. मी शुद्धीवर आले ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. खोलीत फिनेलचा वास होता, पंख्याला एक पातं वाकडं होतं, आणि आजोबा स्टुलावर बसले होते. त्यांच्या बोटांना रंग नव्हता. चोळून चोळून धुतली होती. तेवढ्यावरून मला कळलं.

मी तिला पाहिलं नाही. आजोबांनी पाहिलं. त्यांनी तिला कारखान्यातल्या बिनरंगी टॉवेलात गुंडाळून एकट्याने नेलं. आठवडाभराने मी घरी आल्यावर ते माझ्या उशाशी बसून म्हणाले, “सांगू का, कशी होती?”

मी भिंतीकडे तोंड केलं. सासूबाई परत आल्या होत्या, त्या दारातून म्हणाल्या, “नगं सांगूस तिला. ज्येचं त्वांड डोळ्यापुढं येतं त्येच्यासाठी दूद सुकत न्हाई.” माझी चोळी ओली व्हायची तेव्हा. त्या तुरटीच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवायच्या आणि माझ्याकडे बघायच्या नाहीत.

वैशाख आला. मडगावहून खोकं आलं. मला वाटलं ते या वर्षी उघडणार नाहीत. दुपारी माग थांबले आणि मला भुसा चाळल्याचा आवाज आला. त्यांनी दोन्ही पेले भरले. मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि धुतलेली भांडी पुन्हा धुतली. त्या दिवशी माझ्या मनात त्यांच्याविषयी जे आलं ते मी कुठल्याच भाषेत लिहिणार नाही.

रविवारी टेबलावर लेबल होतं. एका गलबताचं चित्र, तीन शिडं. पालथं ठेवलेलं होतं आणि लांबूनच दिसलं की या वेळी ओळ नाही. सगळी पाठ भरली होती, बारीक अक्षरात, कडेपर्यंत. मी नजर उचलली, लेबल सुलटं केलं, पानाला खळ लावली आणि लेबल दाबून बसवलं. मुठीने दाबलं. खाली वर्ष लिहिलं. अक्षर चांगलं आलं.

न वाचता चिकटवलेलं ते एकच.

पाठीवर काय लिहिलं होतं ते आजोबांना कधी का विचारलं नाही, असं बाबा मला विचारेल. मला माहीत नाही. पहिल्या वर्षी रागाने विचारलं नाही, दुसऱ्या वर्षी लाजेने. मग बाबाची शाळा, सासूबाईंचं दुखणं, आणि मग ती गोष्ट घरातल्या एखाद्या न उघडणाऱ्या खिडकीसारखी झाली. तिच्यापुढे कपाट ठेवलं.

एकदाच ती उघडत होती. तेव्हा सासूबाई नव्हत्या, बाबा तिकडे तुमच्या देशात गेला होता, बाटल्या नाशिकच्या यायच्या किंवा बाबा विमानतळावरून आणायचा. लपवायचं काही उरलं नव्हतं तरी आम्ही स्टीलचेच पेले घेऊन बसायचो. आजोबांचा हात थोडा थरथरायला लागला होता, टाक सोडून ते पेन्सिलीने लिहायला लागले होते. भाकरीचा तुकडा मोडता मोडता, माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं,

“ते गलबताचं. वाचलं होतंस ना तू?”

मी म्हणाले, “हो.”

“सगळं?”

“सगळं.”

त्यांनी श्वास सोडला. केव्हापासून धरून ठेवला होता कोण जाणे. “बरं झालं. तोंडाने नसतं जमलं मला.”

मुलांनो, मी जन्मभर वर्गात खोटं बोलणाऱ्या पोरांना उभं केलं. त्या दुपारी एक ‘नाही’ म्हटलं असतं, तर समोर माणूस होता. जिवंत, भाकरी खात असलेला. त्यांनी कसंतरी सांगितलं असतं, अडखळत का होईना. मी त्यांचं मन राखायला ‘हो’ म्हणाले आणि ते दार बाहेरून लावून घेतलं. आता जगात तिला पाहिलेलं कुणी नाही. त्या दवाखान्याच्या जागी मोबाइलचं दुकान आहे. मागच्या महिन्यात मी रिक्षा करून तिथे गेले, काउंटरवरच्या मुलीने विचारलं, ‘आजी, रिचार्ज का?’ मी हो म्हणून रिचार्ज करून आले. त्या वेळच्या नर्सबाईंचं नावही मी कधी विचारलं नव्हतं.

तेव्हा उरली ती वही. सहाव्याला थेट हात लावायचं धाडस नव्हतं, आधी दुसऱ्या लेबलांवर हात बसवायचा असं ठरवलं. मी यादी करायला बसले, कोणतं वर्ष गेलं तर चालेल. दोन तास बसले. कुठलंच चालत नव्हतं. शेवटी डोळे मिटून पान उघडलं, दहावं आलं. आजोबांच्याच पद्धतीने केलं, कोमट पाणी, परातीत, पानासकट. त्याचं तेच सुटेल म्हणून थांबले. सुटलं, उलटं झालं, आणि अक्षरांतून शाई धुरासारखी वर यायला लागली. मी वाकून वाचायचा प्रयत्न केला. ‘मोगरा’ एवढं वाचलं. मग परातीत नुसतं आकाशी पाणी राहिलं. ते ओतून टाकवेना. संध्याकाळपर्यंत तसंच ठेवलं, मग तुळशीला घातलं.

मग आणखी एक लेबल वाफेवर धरलं, इडलीपात्रावर. ते कसरीने इतकं पोखरलं होतं की वाफ लागताच पातेल्यात गळून पडलं. मी चाळणी घेतली. भुकटी चाळली. भिंगाखाली एकेक कण ठेवला. दोन दिवस. पद्माने मला त्या अवस्थेत पाहिलं, म्हणून बरं.

पद्मा नरसम्मांची मुलगी. टॉवेलच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर तिची तीस वर्षं गेली. चुकलेला धागा ती बोटाने, न बघता शोधते. ती शेवग्याच्या शेंगा घेऊन आली होती आणि मी जेवणाच्या टेबलावर भिंग घेऊन बसलेली.

“टीचर, काय मीठ निवडायलाव का काय?”

मी सांगितलं. सगळं सांगितलं. पहिल्यांदा कुणाला तरी. ती शेंगा मांडीवर घेऊन ऐकत राहिली. मग म्हणाली, “आई माझी म्हनत व्हती, मोरचूद घाला म्हनून.”

“हो.”

“ऐकला न्हाईत.”

“नाही.”

तिने वही ओढून घेतली, पान उभं धरून पाठीमागून बघितलं. “टॉवेलला स्टिकर चिकटलं तर आमी स्टिकर ओढत न्हाई. टॉवेलच उलटा करतो, मागनं जरासं ओलं करून कापडच सोडवतो स्टिकरपास्नं. तुमी लेबल कशाला काढताव? ऱ्हाऊ दे की तितंच. पान काढा.”

म्हणजे लेबल उचकटायचं नाही. ज्या पानावर ते चिकटवलं आहे तेच मागून, दमट बोटाने, चोळून चोळून पातळ करत न्यायचं. खळीपर्यंत आलं की थांबायचं आणि काचेवर धरून उजेडात वाचायचं. एकोणतिसाव्या लेबलावर तिने करून दाखवलं. पेन्सिलीचं होतं, वाचलं. ‘आज तुझ्या केसांत पांढरे मोजायचे सोडले.’ मी ते वाचून रडले नाही. मी पद्माला म्हणाले, “उद्या गलबताचं.”

एवढं बुधवारी लिहून झालं होतं. आज शुक्रवार आहे. काल दुपारी झालं.

पंखा बंद ठेवावा लागतो, नाहीतर भुकटी उडते. अंगातून पाणी वाहत होतं आणि ते पानावर पडू नये म्हणून दोघींनी कपाळाला टॉवेल बांधले होते. पद्माने कापूस भिजवून इतका पिळला की त्यात पाणी आहे असं वाटूच नये. पानाच्या मागून ती बोट गोल फिरवत होती, अंग चोळताना मळ निघतो तशा कागदाच्या बारीक वळ्या निघत होत्या. एक फुंकर नाही. मी वळ्या चिमट्याने उचलून वाटीत टाकत होते. बराच वेळ गेला. मग तिचं बोट थांबलं.

“जाळी लागलं, टीचर.”

“कुठे?”

“मधी. समदीकडं.” तिने बोट उचललं. “थांबू का?”

“थांबू नकोस.”

आणखी एक पापुद्रा निघाला आणि निळं दिसलं. माझा हात तिच्या मनगटावर होता, तो तिने हळूच बाजूला केला. कडांनी शाई तगली होती. मधे कसरीने नद्यांसारख्या वाटा खाल्ल्या होत्या, गलबताच्या सोनेरी मुलाम्याच्या पातळ पापुद्र्यापर्यंत. आम्ही पान खिडकीच्या काचेवर धरलं. बाहेरचं ऊन त्या वाटांतून थेट डोळ्यांत आलं.

माझा चष्मा घामाने धुरकट झाला होता. मी म्हणाले, “तू वाच.”

पद्मा मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेली. तिने बोट न टेकवता, एकेक अक्षर लावत वाचलं.

“तु-ला ब-घता आलं ना-ही म्हणून लि-हितो.”

“पुढे.”

“पुढं जाळी हाय.”

“त्याच्या पुढे.”

“केस दाट. काळे. ओ-ले व्हते... न्हाई, होते. मग न्हाई काई. मग, डाव्या का-ना-पा-शी...”

“डाव्या कानापाशी काय?”

ती डोळे बारीक करून काचेजवळ वाकली.

“पद्मा, कानापाशी काय?”

“न्हाई हो टीचर. पुढं भोक हाय.”

मी तिच्या हातातून पान घेतलं. तिरकं धरलं, उलटं धरलं, भिंग लावलं, बॅटरी लावली. चिमट्याने भोकाची कड उचलून पाहिली. वाटीतल्या वळ्या उलगडल्या, त्यांतली एखादी लेबलाची असेल, तिला शाई लागली असेल म्हणून. पद्मा “पुरं करा आता, टीचर, पुरं करा” म्हणत माझ्या पाठीवरून हात फिरवत होती आणि मी तिला ओरडले. तिला ओरडायचं काही कारण नव्हतं. मी खाली बसून वहीच्या पुठ्ठ्यावर डोकं टेकलं. खळीचा वास येत होता. एवढ्या वर्षांनंतरही गोड.

पद्मा गेली नाही. तिने शेंगांची आमटी केली, मला वाढली, समोर बसून खायला लावली.

बाबा, हे तू वाचत असशील तर फोन करायची घाई करू नकोस. मला बोलता येणार नाही. तू चार वर्षांचा होतास आणि माळशिरसहून परत आल्यावर दोन दिवस पलंगाखाली काहीतरी शोधत होतास. तेव्हाही मी सांगितलं नाही.

आता काय उरलं आहे ते लिहून ठेवते. एकेचाळीसपैकी सव्वीस लेबलं पापुद्र्याखाली थोडी तरी तगली आहेत. त्यांतल्या नऊंची पाठ पद्माच्या मते वाचता येईल. दर शुक्रवारी एक असं तिने कबूल केलं आहे, जसं वाचू तसं मी तुम्हांला पाठवीन. सहाव्या लेबलाचं पान मी दोन काचांमध्ये धरून कडा पट्टीने बंद केल्या आहेत. त्यावर तुमच्या आत्याबद्दल एवढं आहे. तिचे केस दाट होते, काळे होते, ओले होते. डाव्या कानापाशी काहीतरी होतं.